बदकाचा डावा पंख

“हातमोजा काढलात तरी चालेल, काका. रंग कधीच वाळलाय,” माईकवाली मुलगी म्हणाली.

“रंगासाठी नाही घातला गं. उघड्या हाताला पत्रा फसवतो,” झिगमुंट म्हणाला, आणि पांढरा सुती हातमोजा घातलेला तळवा त्याने गाडीच्या डाव्या पंखावर टेकवला.

झिगमुंट वाल्कोव्याक एकाहत्तर वर्षांचा होता. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत निवृत्त होईपर्यंत तो पत्रेकामाचा फोरमन होता, पण विकायच्या गाड्यांना त्याने कधी हात लावला नाही. त्याच्या शेडमध्ये स्वप्नगाड्या व्हायच्या. वर्षाला एक, फार तर दोन. प्रदर्शनात ती गाडी फिरत्या चौथऱ्यावर चढवायची, लोकांनी आ वासून बघायचं, आणि मग त्यांच्या गळ्यात साधी चार दारांची गाडी मारायची. छप्पन्न सालची ‘ब्लू हेरॉन’ त्यातलीच एक. कागदावर तो निळा बगळा होता. शेडमध्ये तिला सगळे बदक म्हणत. मागे दोन उंच पंख, वर काचेचा घुमट, आणि उन्हात आत बसलं की माणूस बटाट्यासारखा उकडायचा. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची मनसोक्त टिंगल केली होती. आज गोल्फ क्लबच्या हिरवळीवर त्याच बदकाभोवती टोप्या घातलेली शेकडो माणसं गोळा झाली होती, आणि एक बाई तर चक्क डोळे पुसत होती. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

झिगमुंटचा तळवा पंखाच्या टोकापासून हातभर खाली आला आणि तिथेच घुटमळला. अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये नेमकी इथूनच त्याने करवत घातली होती. जोडलेला पत्रा वरून कितीही घासा, रंगवा. आतून तो गप्प बसत नाही. झिगमुंट गुडघ्यावर बसला आणि त्याने पंखाच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. जोड नव्हता. हातोडीची खूण नव्हती. आतला पत्रा नव्या ताटासारखा गुळगुळीत होता.

हे बदक नव्हतंच. फोटो बघून कुणीतरी नवं घडवलं होतं.

“काय म्हणतेय आपली म्हातारी?” गाडीचे मालक होलिंग्ज वाकून म्हणाले. गडी हसतमुख, गुलाबी गालांचा.

“ही ती नाही.”

होलिंग्जचं हसू जागचं हललं नाही. “वाल्कोव्याकसाहेब, त्या शेडमधले तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही ‘तीच’ म्हणालात की ती तीच. मला बाकीचं ऐकायचं नाही, आणि या लोकांना तर मुळीच नाही. पाटी वाचलीत ना?”

पाटी त्याने वाचली होती. ‘कंपनीचा आदेश मोडून कामगारांनी लपवून वाचवलेली गाडी.’ 

आदेश आला होता हे खरं. प्रदर्शनं संपली, गाडी मोडा, एक तुकडा बाहेर जाता कामा नये. त्या दिवशी शेडमधला त्याचा जोडीदार बोलेक रुत्का त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होता, “झिगी, ताडपत्री टाक हिच्यावर. माझ्या सासऱ्याच्या कोठारात नेऊ. गवताखाली कोण बघायला येतंय?”

“ऑर्डर आहे, बोलेक.”

“ऑर्डर काढणाऱ्याने एक खिळा तरी ठोकलाय का हिच्यात? पंख आपण ठोकलेत. तू आणि मी.”

झिगमुंटने करवत सुरू केली. दुसऱ्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण फोरमन होऊन सहाच महिने झाले होते आणि ऑफिसचा माणूस समोर उभा होता. चौदा तुकडे केले. संध्याकाळी ते तेराच भरले. डाव्या पंखाचं टोक नव्हतं. कुणी नेलं, असं ऑफिसच्या माणसाने विचारलं, तेव्हा झिगमुंटने नाव सांगितलं. कुणी हात पिरगाळला नव्हता. सरळ विचारलं, त्याने सरळ सांगितलं.

बोलेकची अकरा वर्षांची नोकरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी गेली. पुढे बोलेक चर्चच्या शाळेत फरशा पुसायला लागला. डेट्रॉइटमध्ये त्याच्या तोडीचा कानस चालवणारा नव्हता. खरबरीत कड दिसली की त्याचे हात शिवशिवत. शाळेच्या बाकांचे कोपरे, चर्चच्या कठड्याच्या सळ्या, स्वतःच्या घरातली सांडशीसुद्धा त्याने घासून ठेवली होती. तुकडा मात्र त्याने कंपनीला परत दिला नाही. आणि झिगमुंटशी मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

या फेब्रुवारीत बोलेक गेला. होलिंग्जचं आमंत्रण आलं तसा झिगमुंट हॅमट्रॅमिकमध्ये, आपल्याच वस्तीतल्या बोलेकच्या घरी गेला. हालिनाने, बोलेकच्या बायकोने, जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच ऐकून घेतलं.

“तिथे सगळ्यांसमोर सांगतो, हालिना. बोलेकचं नाव घेऊन सांगतो.”

“सांग की. चाळीस वर्षं तोंडात काय उकडलेले पेरोगी कोंबले होते?” ती म्हणाली होती.

हिरवळीवर आता माईक त्याच्या हातात आला. झिगमुंटने तो दोन्ही हातांनी धरला.

“गाडी आम्ही वाचवली नाही. मी ती कापली. माझ्या हाताने. बोलेक रुत्का म्हणत होता लपवू या, मी ऐकलं नाही. त्याने एक तुकडा नेला, तर मी त्याचं नाव सांगितलं आणि त्याची नोकरी घालवली. इथे उभी आहे ती दुसरीच गाडी आहे. खरा पंख आजही—”

 झिगमुंटला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल, शिव्या देईल. त्यासाठीच तर तो आला होता.

माईकवाली मुलगी छातीवर हात ठेवून पुढे आली. “ऐकलंत? मित्रांनो, चाळीस वर्षं झाली, तरी हा माणूस ‘गाडी कापली’ असंच सांगतोय, आपल्या साथीदारांचं गुपित फोडत नाही!”

आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. “अगं, खरंच सांगतोय मी,” झिगमुंट म्हणाला. माईक तोवर दुसऱ्याच्या हातात गेला होता. मघाची ती बाई आता हुंदके देत होती. होलिंग्जनी त्याच्या कोटाला निळी रिबीन लावली आणि कानाशी म्हणाले, “झकास बोललात. याहून चांगलं मलाही लिहून देता आलं नसतं.”

खोटं बोलून माणूस सुटतो, हे झिगमुंटने आयुष्यभर पाहिलं होतं. खरं बोलूनही सुटता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुपारी चारला तो हालिनाच्या फाटकाशी उभा होता. ती पाईपने टोमॅटोला पाणी घालत होती. शेजारपाजारच्या अंगणांत मारियेची, येशूच्या आईची, मूर्ती उभ्या पुरलेल्या न्हाणीच्या टबाच्या आडोशात उभी असते. हालिनाच्या अंगणात तिच्या मागे निळ्या पत्र्याचा बाकदार आडोसा होता. रंग उडालेला, एका बाजूला गंजलेला. तो दिसू नये म्हणून झिगमुंट चाळीस वर्षं समोरच्या फुटपाथवरून चर्चला गेला होता.

“नाव घेतलंस?” हालिनाने विचारलं.

“घेतलं.”

“मग?”

“टाळ्या वाजवल्या.”

हालिनाने त्याच्या कोटावरची रिबीन पाहिली. पाईप दुसऱ्या वाफ्यात टाकला. “फाटक लावून ये. मांजर बाहेर जाईल,” ती म्हणाली, आणि पाठ फिरवून कामाला लागली.

झिगमुंट आत आला. मारियेसमोर गुडघे टेकले. खिशातून हातमोजा काढला आणि, का कोण जाणे, न घालताच परत ठेवला. उघडा तळवा पत्र्यावरून फिरवला. आतल्या बाजूला हातोडीच्या खुणा होत्या, बोलेकच्या बारीक, त्याच्या स्वतःच्या जाड. मग बोटं खालच्या कडेशी गेली, जिथे करवत चालली होती, आणि पटकन मागे आली. बोटाला रक्त आलं होतं.

दाते जसेच्या तसे होते. बोलेकला कानस घेऊन पंधरा मिनिटं लागली असती. चाळीस वर्षांत त्याने ती कड घासली नव्हती.