मटिल्डाच्या नावाची बाटली

सकाळी दात घासताना मटिल्डा आधी नळ सोडायची, मगच थुंकायची. रक्त कुणाच्या नजरेस पडायला नको ना! तिचा नवरा सॅन्टन टीबीने जाऊन चार वर्षं झाली होती, पण आगाशीत सगळ्यांना सांगितलं होतं ते दम्याने गेला म्हणून. आता लेकीचं, जीनाचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. घरात टीबी आहे असं सासरच्यांच्या कानावर गेलं, की मोडलंच ते लग्न.

आणि नेमकं त्याच सुमारास, २००४च्या उपवासकाळात, चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी जाहीर केलं, "दातांच्या कॉलेजातले डॉक्टर आलेत. थुंकीची तपासणी फुकट आहे, सगळ्यांनी बाटली घेऊन जा." आता लाळ म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? थुंकी म्हणाले, आणि मटिल्डाला टीबीच आठवला. सॅन्टनचीही थुंकीच तपासली होती की सरकारी दवाखान्यात! नको म्हणावं तर शेजारणी बघत होत्या. घेतली बाई बाटली. वर चिठ्ठी तिच्याच नावाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती जीनापुढे धरली.

"माझं तोंड सुकलंय गो. तू थुंक यात."

"शी! तपासणी तुझी आणि थुंकी माझी?"

"थुंक म्हणते ना! कोण बघायला येतंय?"

जीना खो खो हसली आणि थुंकली. बावीस वर्षांची पोर, तिला हसायला कारण कशाला लागतंय.

पंधरा दिवस मटिल्डाला अन्न गोड लागलं नाही. मग चर्चच्या हॉलमध्ये बोलावणं आलं. मागच्याच बाकावर जीनाची होणारी सासू रेजिना आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. मटिल्डाने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"टीबी नाय ना?" तिने डॉक्टर उन्नतीला अगदी हळू विचारलं.

"टीबी? छे हो मावशी! हिरड्या आतून खराब झाल्या की लाळेत एक द्रव्य वाढतं, आम्ही ते मोजतो. घासताना रक्त येतं का? ते हिरड्यांचंच."

मटिल्डाच्या जिवात जीव आला. उगाच मेली इतके दिवस घाबरून!

"तुमचं मात्र खूपच वाढलंय," उन्नती कागद बघत म्हणाली. "दातांखालचं हाड झिजत असणार. पण पन्नाशीनंतर असं होतं, साफ करून घेऊ. विशीतल्या मुलीचा रिपोर्ट असा आला असता, तर मीच घाबरले असते. त्या वयात हा रोग झपाट्याने हाड खातो. बघता बघता सगळे दात हलायला लागतात."

मटिल्डाने कागदावरचं आपलं नाव पाहिलं. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बोललं तर बाटली का बदलली ते सांगावं लागणार होतं, सॅन्टनपासून सगळं, आणि तेही रेजिनाच्या देखत.

"पुढचे या," उन्नतीने हाक मारली. रेजिना उठली.

"थांबा डॉक्टर," मटिल्डाचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. "ती थुंकी माझी नाय. माझ्या जीनाची आहे."