नदीच्या शेवटापर्यंतची टूर

भंडाऱ्यात बस स्टँडसमोर माझं टूरचं ऑफिस आहे. वीस वर्षं लोकांना बोधगया, पुरी, नाहीतर काश्मीर दाखवते आहे. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पॅसेंजरची गाडी सुटलेली नाही, आणि तसं मी बोर्डावर लिहूनच ठेवलंय.

पवनीकडच्या एका गावातून रेवताबाई तीन वर्षं माझ्याकडे येत होती. ढिवराच्या घरची, सारा जन्म वैनगंगेत जाळं टाकण्यात गेलेला. मागणं एकच.

"मले आमची नदी जिथं संपते ना, तिथं जायाचं हाये."

"अशी टूर नसते, मावशी," मी दरवेळी सांगायची.

"एवढं पाणी जाते, जाते. कुठंतरी मावत असन ना? लहानपणापासून पुसून राहिली, समदे हासतेत."

यंदा तिचे गुडघे इतके धरले होते की ऑफिसच्या दोन पायऱ्या चढायला तिला माझा हात लागला. "पुढच्या साली माह्यानं येनं होत नाही," ती म्हणाली.

फोनमध्ये मी ते एआय घेतलं होतं, पण माझा त्याच्यावर राग होता. लोक घरबसल्या त्यालाच विचारून फिरू लागले, तर मी काय खुर्चीत बसून माशा मारायच्या? तरी तिच्यासमोर फोन धरला आणि म्हटलं, बोला. ती आपल्या बोलीत बोलली आणि त्याला ते समजलं! मग त्याने तिला विचारलं, वाटेत नदी सतत दिसायला हवी की फक्त शेवट पाहायचा? असा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता. मी तीन पॅकेजं सांगते, त्यातलं एक घ्यायचं.

मिनिटभरात सगळी वाट समोर आली. वैनगंगेला वर्धा भेटते, तिथून तिची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते; मग भद्राचलम, राजमहेंद्री, आणि अंतर्वेदीला समुद्र. कुठे मुक्काम, कुठे पायऱ्या नाहीत, सगळं. मी थक्क होऊन बघत राहिले.

एकच गोष्ट मला पटली नाही. शेवटच्या दिवशी सकाळी सातला पोचा, तेव्हा पाणी समुद्राकडे जात असेल, असं त्यात होतं. मग दुपारी काय डोंगराकडे जाणार आहे? म्हातारीला नाश्ता नको? मी सातचे अकरा केले. रेवताबाईची सून नीतू तिला एकटीला पाठवेना, म्हणून मी स्वतः सोबत निघाले. खरं सांगायचं तर त्या यंत्राची चूक पकडायची होती मला.

अकराला आम्ही अंतर्वेदीच्या काठावर उभ्या होतो. रेवताबाईने पाणी पाहिलं आणि माझा दंड धरला.

"बाई, हे उलटं येऊन राहिलं."

खरंच. फेस, काटक्या, एक ओंडका, सगळं समुद्राकडून आत येत होतं. आम्ही भंडाऱ्याच्या बाया, भरतीचं पाणी नदीत शिरतं हे फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. तिचा चेहरा उतरला. "मंग इतं बी नाही संपत का?"

मी फोनला विचारलं. दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास पाणी फिरेल, असं पडद्यावर आलं. राजमहेंद्रीहून परतीची रेल्वे गाठायची तर एकला निघायलाच हवं होतं.

"फिरन ते, मावशी," एवढंच मी तिला सांगितलं. पाऊण वाजेपर्यंत घड्याळ बघत होते. मग फोनला विचारलं, गाडी सोडली तर? लगेच उत्तर आलं: उद्याची गाडी, आजचा मुक्काम, खोली तळमजल्यावर. बोर्ड गेला खड्ड्यात, असं म्हणून मी तिच्याशेजारी वाळूत बसले.

दोननंतर ती उठली. घोटाभर पाण्यात गेली, दुखऱ्या गुडघ्यांनी वाकली आणि हात बुडवून राहिली.

"थांबलं," ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून नऊ मिनिटं. वेळ मी तिला सांगितलीच नव्हती. यंत्राला ते कसं कळलं आणि हिला कसं कळलं, दोन्ही मला उमगलं नाही.

फेस जागीच घुटमळला. मग हळूच वळला, आणि एवढं मोठं पात्र समुद्राकडे चालू लागलं. रेवताबाईने ओले हात जोडले.

"जाय, माय," ती म्हणाली. "आता जाय."