पावसाने रद्द झालेले तीन सामने

टॅलो क्रीक म्यूल्स या बेसबॉल टीमला पन्नास वर्षं झाली, असं १९९७ साली तिचा मालक डेल हॅगर्टी भेटेल त्याला सांगत सुटला होता. त्यातली एकवीस वर्षं टीम अस्तित्वातच नव्हती. उरलेल्या एकोणतीस वर्षांत तिने एकदाच दुसरा नंबर काढला, १९५४ साली, आणि त्या दुसऱ्या नंबराचं पिवळं पडलेलं निशाण मैदानाच्या भिंतीवर अजून लटकत होतं. म्यूल म्हणजे खेचर. नाव ठेवणाऱ्याला पुढचं सगळं दिसत असावं, असं उपासना मेश्रामचं मत झालं होतं.

उपासना नागपूरच्या इंदोऱ्यातली. अल्फारेटाच्या एका कन्सल्टिंग कंपनीने तिला व्हिसावर अमेरिकेत आणलं होतं आणि काम निघेल तिथे ती तिला धाडायची. या खेपेला जॉर्जियातल्याच टॅलो क्रीकला, तासाभराच्या ड्राइव्हवर. टीमची जुनी स्कोअरबुकं कॉम्प्युटरवर चढवायची, त्यातून सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तिकेसाठी आकडे काढायचे आणि तीच फाइल लीगच्या ऑफिसला पाठवायची. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

डेलची गाद्यांची दुकानं होती आणि टीम त्याला वडिलांकडून आयती मिळाली होती. उपासनाचं नाव त्याला शेवटपर्यंत घेता आलं नाही. ‘ऊपा’ म्हणायचा आणि उपकार केल्यासारखा हसायचा. "म्यूल्स म्हणजे फॅमिली," हे वाक्य तो दिवसातून चारदा टाकायचा. पुस्तिकेत खेळाडूंपेक्षा त्याच्या वडिलांचे फोटो जास्त होते.

स्कोअरबुकं लिहिणारा मात्र वेगळ्या मातीचा होता. गावचा पोस्टमास्तर तो; टीमबरोबर गावोगाव फिरायचा. सामना सुरू व्हायच्या आधी पानाच्या डोक्यावर तापमान, आभाळ, वारा, सगळं बारीक अक्षरात टिपायचा. त्या अख्ख्या गोतावळ्यात उपासनाला आदर वाटला तो या एकाच माणसाबद्दल, आणि तोही दोनच आठवडे टिकला.

पावसाने सामना रद्द झाला की तो पुढे कधीतरी पुन्हा खेळायचा, असा नियम होता. म्हणून तिने प्रोग्रॅममध्ये तशा सामन्यापुढे दुसऱ्या तारखेची जागा ठेवली होती. १९५४ च्या जुलैतल्या तीन सामन्यांपुढे ती जागा रिकामीच राहिली. तिन्ही सामने वेल्डनच्या टीमशी, वेल्डनच्याच मैदानावर, लागोपाठ तीन दिवस. तिने पानं पुन्हा काढली. तिन्ही पानांवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ आणि शब्द एकच: पाऊस. डोक्यावर त्याच अक्षरात लिहिलेलं होतं: छप्पन्नावं पान, ९६ अंश फॅरेनहाइट, निरभ्र. सत्तावन्न, ९७, निरभ्र. अठ्ठावन्न, ९८, निरभ्र, धूळ फार.

आधी तिला वाटलं, आपल्यालाच काही कळत नसेल. तिने वेल्डनच्या लायब्ररीला फोन केला. तिथल्या बाईंनी त्या आठवड्याचं जुनं वर्तमानपत्र शोधून फॅक्स केलं. बातमी चार ओळींची होती. वेल्डनने अर्ल गेन्स नावाचा काळा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मैदानात उतरवला. त्याच्यासमोर बॅट धरणार नाही म्हणून म्यूल्स मैदान सोडून बसमध्ये जाऊन बसले. मैदान सोडणाऱ्याला ९-० असं हरलेलं धरतात, तसं अंपायरने तिन्ही दिवस जाहीर केलं. लीगच्या दप्तरात मात्र तिन्ही दिवस पाऊस पडला होता. त्या वर्षी लीगचा सेक्रेटरी कोण, तर डेलचे वडील.

उपासनाला यातलं काही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या पणजोबांनी गावच्या विहिरीत बादली सोडली, तेव्हा गावाने ती विहीरच टाकली होती आणि तीन महिने दोन मैलांवरून पाणी वाहिलं होतं. हा मूर्खपणा ती ओळखून होती. फक्त तो बसमध्येही बसतो, हे तिला नवीन होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं; अर्ल गेन्स अजून वेल्डनलाच राहतात आणि त्यांना भेटायचंय, हेही. राकेश म्हणाला, "जाऊ दे ना यार. तुझा प्रोजेक्ट दोन आठवड्यांत संपतोय. डेलने कंपनीकडे कम्प्लेंट केली तर? ग्रीन कार्डाचं काय?"

"तू तुझ्या वडिलांना सांगशील असं? आयुष्यभर सोसलं ते जाऊ द्या म्हणून?"

राकेशने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाला, "शनिवारी वेल्डनला मी ड्राइव्ह करतो."

अर्ल गेन्स सत्तरीला टेकले होते. तीस वर्षं स्कूलबस चालवून निवृत्त झालेले, उंच, हाडकुळे. त्यांच्या बायकोने थंडगार चहा आणला. स्कोअरबुकातल्या पानांच्या झेरॉक्स त्यांनी चष्मा लावून पाहिल्या आणि ते हसले.

"पाऊस!" ते म्हणाले. "पोरी, मी वॉर्म-अपचे आठ बॉल टाकले आणि समोर बघतो तर कोणीच नाही. बसच्या खिडक्या बंद करून घेतलेल्या, त्या उकाड्यात! दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच उतरवलं. खेळच झाला नव्हता, हात ताजाच होता ना माझा. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक उकाड्याने बसमध्येच बेशुद्ध पडला."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग माणसांचा येतो, खेचरांचा नाही," ते म्हणाले. "त्यानंतर मला कुठल्याच टीमने बोलावलं नाही. राग आला तो आमच्या मॅनेजरचा. तीन दिवस शूर होता, चौथ्या दिवशी त्याने मला काढलं."

सोमवारी उपासनाने सगळे कागद डेलसमोर ठेवले. त्याने ते वाचले नाहीत, नुसते सरळ केले.

"ऊपा, लोक इथे पोरंबाळं घेऊन येतात, हॉट डॉग खातात. पन्नास वर्षांच्या वाढदिवसाला हे कोणाला हवंय? पाऊस म्हटलंय, पाऊस राहू दे."

"पाऊस लिहायचा असेल तर तुमच्या हाताने लिहा, सर. मी लिहिणार नाही."

"तू बाहेरची. तुला इथलं कळायचं नाही."

"मला एवढंच कळतं," ती म्हणाली. "बेसबॉल कळत नाही."

डेलने तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. पण लीगच्या ऑफिसला जायची फाइल तिने सकाळीच पाठवली होती, फॅक्सच्या प्रतीसकट. कामाच्या करारात ते लिहिलेलंच होतं. लीगचा आकडेमोड करणारा माणूस काटेकोर निघाला. त्याने तीन पराभव जमेला धरले आणि १९५४ सालचे म्यूल्स दुसऱ्या नंबरावरून पाचव्यावर आले. सहा टीम होत्या. पुस्तिका पाऊस घेऊनच छापली गेली, पण अटलांटाच्या एका वर्तमानपत्राने लीगचं दुरुस्तीपत्रक छापलं आणि टॅलो क्रीकला पत्रकारांचे फोन येऊ लागले.

उपासनाच्या कंपनीने तिला ‘समज’ दिली आणि सहा आठवडे नुसतं बसवून ठेवलं. राकेश ग्रीन कार्डाच्या धास्तीने रोज गुपचूप पोस्टाची पेटी बघून यायचा. मग एका विमा कंपनीचं काम आलं आणि ती तिथे रुजू झाली.

तिथेच एके दुपारी डेलचा फोन आला. आवाजात मध ओतलेला. "उपासना," तो म्हणाला, पहिल्यांदाच नीट, "समारंभाचा मानाचा पहिला बॉल मिस्टर गेन्सनी टाकावा अशी आमची इच्छा आहे. ते आमच्या फॅमिलीतलेच. पण ते फोनच घेत नाहीत. तू जरा सांगशील?"

"मी विचारलं होतं त्यांना," उपासना म्हणाली. "तुमचं पत्र त्यांना आलं तेव्हाच."

"मग?"

"ते म्हणाले, समोर बॅट धरून कोण उभं राहणार आहे, ते आधी विचार."

डेलने विचारलं, "म्हणजे येणार ना?"

उपासनाने फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या रत्नाला म्हणाली, "चल, कॉफी घेऊ. काही माणसांना नाही म्हटलेलंसुद्धा कळत नाही गं."