चिठ्ठीखालचे पान

१६ जून १९८६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे: माझ्या चिठ्ठीवर परतीची सातवी तारीख उमटली. मित्रांनो, मी आचरे गावाच्या वाचनालयातील एक जुनी मार्गदर्शिका आहे. परदेशातील कायद्याची साठ महाविद्यालये माझ्यात क्रमाने मांडलेली आहेत. त्या क्रमाचा मला फार अभिमान होता; आज त्याचीच लाज वाटते.

माझी छपाई मुंबईत झाली. येथे आल्यावर ग्रंथपाल दत्ताराम यांनी तारखांची चिठ्ठी माझ्या पहिल्याच पानावर, चारही कडांना डिंक लावून, घट्ट चिकटवली. तिच्याखाली छापील मजकूर होता. तो कोणी वाचला नाही, आणि मलाही त्याची उणीव भासली नाही.

सातव्यांदा मला नेले ते वकील सरलाने. त्या वर्षी ट्रॉलर किनाऱ्यालगत घुसत आणि काठावरून हातांनी जाळे ओढणाऱ्या रापणकरांचे जाळे रिकामे येई. त्यांची बाजू मांडण्यासाठी तिला समुद्राचा कायदा शिकायचा होता. दोन महाविद्यालयांनी तिला प्रवेश दिला होता: एक माझ्या यादीत पाचवे, दुसरे अडतिसावे. मला परत करायला ती आली, तेव्हा वडील गुरुदासही सोबत होते.

"बाबा, समुद्राचो कायदो अडतिसाव्यात शिकवतत. तसा पत्र इला."

"अगो, पाचवो सोडून अडतिसाव्याक कोण जाता?" गुरुदासांनी माझ्या पानावर बोट आपटले. "पाचव्यात काय कमी शिकवतले?"

दत्ताराम हसले. "गुरुदासानू, बांगडे घेताना मासो बघतास की टोपलीचो नंबर?"

"तू तुझो डिंक लाव रे!"

सरला पाचव्यात गेली.

दोन वर्षांनी चिठ्ठी तारखांनी भरली. दत्तारामांनी ओले फडके फिरवून ती सोडवली. शिकून परतलेली सरला वडिलांसह समोरच उभी होती. उघडे पडलेले पान तिने मोठ्याने वाचले: "हा क्रम ग्रंथालयातील पुस्तके व पदवीधरांचे पगार यांवरून लावला आहे. शिकवले जाणारे विषय विचारात घेतलेले नाहीत."

"माझोच डिंक गो, बाय," दत्ताराम पुटपुटले.

गुरुदासांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला नाही.

"रापणकर इचारतत, बाबा," सरला म्हणाली. "तेंका काय सांगू?"

मित्रांनो, माझे आकडे खोटे नव्हते. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते. कोणताही क्रम मानण्यापूर्वी तो कशावरून लावला, ते शोधा. आणि पुस्तकाला चिठ्ठी चिकटवताना कृपया कोरी जागा पाहा.

पाचव्या महाविद्यालयात सरलाला मिळालेले समुद्राच्या कायद्याचे तास: शून्य.