मेलच्या खालच्या ओळी

झाशीत मराठीत बोलणं म्हणजे दार लावून बोलणं, असं मी वीस वर्षं धरून चालले. भाजीवाल्यासमोर नवऱ्याला खुशाल सांगायचं, भाव जास्त लावतोय, चला. प्रेम नगरमधल्या आमच्या ऑफिसातही तीच सवय. आम्ही घरं विकून-घेऊन देतो. आम्ही म्हणजे मी आणि माझे भागीदार गोपाळराव. ते लष्करातून निवृत्त झालेले. कागदपत्रं त्यांच्याकडे, गिऱ्हाइकं आणि मेल माझ्याकडे. बारा वर्षांत आमचं कधी वाजलं नव्हतं.

फेब्रुवारीत विद्याताईंचं घर विकायला आलं. नवऱ्याची बबीन्याच्या लष्करी छावणीतून सिक्कीमला बदली झालेली, आणि लेकीचं ऑपरेशन पुण्यात, वीस मार्चला. त्याआधी घर विकायलाच हवं होतं. त्यांनी मला बजावलं होतं की घाई आहे हे कुणाला कळू देऊ नका, कळलं की माणूस अडवून धरतो. मी शब्द दिला.

टहरौली गावचे दुबेजी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर शोधत होते. त्यांना घर पसंत पडलं. मी त्यांना कराराचा मसुदा मेलवर पाठवला आणि मग ते एकदम थंड पडले. फोन केला की आज बघतो, उद्या बघतो. शेवटी मार्च उजाडल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "बहनजी को बीस से पहले पुणे पहुँचना है न? हमें तो कोई जल्दी नहीं."

ही तारीख झाशीत तिघांनाच ठाऊक होती: विद्याताई, मी आणि गोपाळराव.

मग मला गोपाळरावांचं सगळंच खटकायला लागलं. फोन आला की ते बाहेर का जातात? ओरछा गेटला यांच्याच गल्लीत दुबेजींचे मेहुणे राहतात, हे आजवर का नाही बोलले? ते जेवायला गेले असताना मी त्यांचा खण उघडून पाहिला. लाज वाटते सांगायला, पण पाहिला. आत रक्तदाबाच्या गोळ्या आणि जुन्या पावत्या. काहीच सापडलं नाही, तर माणूस भलताच सावध आहे असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं. "गोपाळराव, दुबेजींनी तुम्हाला काय कबूल केलंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि एक शब्द न बोलता घरी निघून गेले. मला तो कबुलीजबाबच वाटला.

संध्याकाळी दुबेजींना बोलावून घेतलं आणि तारीख कुणी सांगितली ते स्पष्ट विचारलं. त्यांना नवलच वाटलं. त्यांनी आपला फोन माझ्यासमोर धरला. माझाच मेल होता. वर हिंदीत मसुद्याबद्दल दोन ओळी, आणि खाली विद्याताईंचा नि माझा आठवडाभराचा सगळा पत्रव्यवहार, ऑपरेशनच्या तारखेसकट. चुकून नव्हता गेला. नवा मेल कोण लिहीत बसणार म्हणून मी विद्याताईंचाच मेल पुढे पाठवला होता. खाली काय, मराठीच तर आहे.

दुबेजींनी फोनवर भाषांतराच्या खुणेवर बोट टेकवलं आणि सगळं हिंदीत झालं. "लिपि तो अपनी ही है, मैडम, आधा यूँ ही समझ में आ गया था. आपने भेजा, हमने पढ़ लिया."

विद्याताईंना मी खरं काय ते सांगितलं. दुबेजी म्हणतील त्या किमतीला घर देऊन त्या अठरा तारखेला लेकीला घेऊन गाडीत बसल्या. माझा फोन त्या आता उचलत नाहीत.

दुबेजी मेल दाखवून गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ओरछा गेटला गोपाळरावांच्या घरी गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, खण उघडल्याचंही. गोपाळराव ऐकून घेत होते.

"मेघनाताई, दुबेजी ती तारीख माझ्यापाशी तुमच्या आठ दिवस आधीच बोलले होते," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीच फुटलात."

"मग विचारलं का नाही मला?"

"हिंमतच नाही झाली जी. नसेल तसं, असं रोज सकाळी मनाला समजवायचो आणि ऑफिसात यायचो."

आठ दिवस त्यांनी स्वतःला समजावलं होतं. मला तीन दिवसही जमलं नव्हतं. आणि आमच्या दोघांच्या त्या दिवसांत दुसरं गिऱ्हाईक शोधायची वेळ निघून गेली, विद्याताईंचं घर पडत्या भावात गेलं.