फडक्यावरचे नऊ

पाणी गाळायच्या फडक्यावर नऊ होते. विहिरींतले जीव अभ्यासणाऱ्या साक्षीने भिंग धरून पुन्हा मोजले. नऊच. पांढरे, जवसाच्या दाण्याएवढे, झिंग्याच्या कुळातले. डोळे एकालाही नव्हते. खडकातल्या भेगांच्या काळोखात राहणारे हे जीव शिरपूरच्या या विहिरीतून बादलीत आले होते.

तिने नमुना मारून टिकवायची अल्कोहोलची कुपी उघडली, तसा कस्तुराबाईंनी हात आडवा धरला. या जैन घरात पाणी गाळले की फडक्यावरचे जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडतात. चाळीस वर्षांत कस्तुराबाईंनी ते एकदाही चुकवले नव्हते.

साक्षीने समजावून पाहिले. शुक्रवारी अमरावतीच्या प्रयोगशाळेत तिच्या एका नमुन्याला जागा मिळाली होती. पुढची सहा महिन्यांनी. डीएनएचा तुकडा वाचून जगातल्या नोंदींशी ताडायचा. पंच्याण्णव टक्क्यांच्या वर जुळला तर ओळखीचा जीव. पंच्याऐंशीच्याही खाली राहिला तर बहुधा आजवर कुणी न नोंदवलेला. एकच पुरे होता.

"अन् तो एक म्हनंन, मीच काहून?" कस्तुराबाई म्हणाल्या. "तुमच्या विहारात पहिलं शील कोनतं म्हनता वं, पोरी?"

जीवहत्येपासून दूर राहण्याचे ते शील साक्षी दर रविवारी बुद्धविहारात सगळ्यांच्या आधी, मोठ्याने म्हणत असे. तिने कुपीचे झाकण लावले. भिंग मात्र तिला बाजूला ठेववेना.

कस्तुराबाईंनी फडक्यावर ओंजळभर पाणी सोडले. पांढरे ठिपके वळवळत कडेला सरकले. एक तिथेच तरंगत राहिला.

"आठ हायत. एवढी शिकली, पन मोजता येत नाही तुले. हे कात हाय. अंगावरून उतरवून टाकते थो. याच्यात जीव नाही, हे ने."

कातीतही डीएनए उरतो. साक्षीने चिमटा उचलला. कात दोनदा निसटली, तिसऱ्या खेपेला कुपीत पडली. आठ जीव विहिरीत परत गेले, तोवर ती वाशीमच्या बसमागे धावत सुटली होती. भिंग ओट्यावरच राहिले.

अकरा दिवसांनी निकाल आला. डीएनएची वाचलेली अक्षरे सहाशे बारा. सर्वांत जवळच्या नोंदीशी जुळणी ७९.४ टक्के.