दहापैकी दोन

आमच्या खात्याने यंदा ठरवलं, की कारखान्यांच्या पट्ट्यातली पाळणाघरं आपण स्वतः चालवायची नाहीत, जे आधीपासून चालवतात त्यांना हाताशी धरायचं. मंदिराचा ट्रस्ट असो, चर्चच्या सिस्टर असोत, गुरुद्वाऱ्याची समिती असो की बुद्धविहार; ज्यांच्याकडे जागा आहे आणि दुसऱ्यांची मुलं सांभाळायची सवय आहे, त्यांच्याशी करार करायचा. मदतनीस बायांचा पगार सरकारचा, खिचडी सरकारची, माया त्यांची. ही कल्पना फाइलवर माझ्या नावाने होती. महिनाभर मी रायपूरच्या त्या ऑफिसात मान ताठ करून फिरत होते.

भनपुरी या कारखान्यांच्या वस्तीसाठी दोन केंद्रं मंजूर होणार होती आणि अर्ज आले तीन. एक मंदिराच्या ट्रस्टचा, एक सिस्टरांचा आणि एक बुद्धविहाराचा. पाहणीला आम्ही तिघं जाणार होतो. उपसंचालक नरेश सर, बालरोगतज्ज्ञ डॉक्टर यामिनी आणि मी. प्रत्येकाने आपापले शंभरपैकी गुण द्यायचे, शेवटी बेरीज करायची. त्यात दहा गुण 'धार्मिक तटस्थता' या रकान्याचे. मुलांकडून कुठल्याही धर्माचा पूजापाठ करून घ्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. तो रकानाही मीच घातला होता, शहाणी ना मी.

पहिल्या दिवशी मंदिर आणि सिस्टर पाहून झाले. मंदिराच्या पाळणाघरात मुलांनी जेवणाआधी डोळे मिटून श्लोक म्हटला. मी आठ गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, 'अच्छे संस्कार'. सिस्टरांच्या मुलांनी हात जोडून येशूचं गाणं म्हटलं. तिथेही आठ. तीन वर्षांची मुलं काहीतरी गोड म्हणतात, त्यात धर्म कुठे शोधायचा, असा उदार विचार त्या दिवशी माझ्या मनात होता.

दुसऱ्या दिवशी विहाराकडे निघालो. गाडीत पुढे बसलेले नरेश सर सहज म्हणाले, "नीलिमाजी, ये विहार वाले तो आपके ही लोग होंगे?"

त्यांना कदाचित 'मराठी लोक' एवढंच म्हणायचं होतं. पण मला त्यात जातीची चौकशी ऐकू आली. मी घाईने म्हणाले, "नहीं सर, हम लोग तो शंकर नगर में रहते हैं."

प्रश्न काय, उत्तर काय! सरांनी 'अच्छा' म्हटलं आणि ते मोबाइलमध्ये बघायला लागले. डॉक्टर यामिनी खिडकीबाहेर ट्रक बघत होती. माझे मात्र कान तापले होते.

मी त्या विहारातच वाढले. माझे वडील भैय्यालाल भंडाऱ्याकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर म्हणून इथे आले. आई डाळमिलमध्ये जायची. सकाळी आठला ती मला विहारात मुलं सांभाळणाऱ्या अंजनाबाईच्या ओटीत टाकायची आणि संध्याकाळी उचलायची. दीड वर्षाची होते तेव्हापासून शाळेत जाईपर्यंत मी तिथे जेवले, झोपले, मार खाल्ला. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, सगळी मुलं तिला अंजनामाय म्हणायची. पुढे मी शिकले, परीक्षा दिल्या, ऑफिसर झाले, शंकर नगरच्या बड्या वस्तीत फ्लॅट घेतला. आडनावाचं पहिलं अक्षर तेवढं ठेवून 'नीलिमा आर.' अशी सही करायला लागले. आईवडील गेल्यावर पाऱ्यात जायचं कारण उरलं नाही, असं मी स्वतःला सांगत असे. नऊ वर्षांत एकदाही गेले नव्हते.

विहाराच्या दारात समितीचे सचिव हरिदासभाऊ उभे होते. माझ्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून जेवलेला माणूस. त्यांनी सरांना नमस्कार केला, डॉक्टरला केला, मलाही तेवढाच केला आणि पुढे चालायला लागले. आत पत्र्याखाली सतरंजीवर बावीस मुलं बसली होती. अंजनामाय वाढत होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यावर हात देऊन उठणारी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

म्हातारपणी डोळे अधू झाले असतील, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

सगळं नीट होतं. पाणी उकळलेलं, औषधांची पेटी, मुलांची नखं कापलेली. डॉक्टर यामिनी खूश होती. जेवण वाढून झालं तेव्हा अंजनामायने मुलांकडे पाहून दोनदा टाळी वाजवली. इवल्या हातांच्या बावीस जोड्या जुळल्या आणि बोबड्या सुरात त्रिशरण सुरू झालं. एका मुलीचं आधीच जेवण सुरू होतं, ती भातासकट म्हणत होती.

"कितना प्यारा है," नरेश सर म्हणाले आणि हसून माझ्याकडे पाहिलं.

ते नुसते हसले होते. मला त्या हसण्यात गाडीतला प्रश्न पुन्हा ऐकू आला. मी पेन काढलं, धार्मिक तटस्थतेच्या रकान्यात दोन लिहिले आणि शेरा मारला, 'बच्चों से धार्मिक पाठ कराया गया'. अक्षर अगदी सुवाच्य काढलं. आपल्या लोकांना झुकतं माप दिलं, असं म्हणायला कुणाला जागा ठेवायची नव्हती ना!

बेरीज झाली तेव्हा विहार चार गुणांनी मागे राहिलं. त्याच रकान्यात सरांनी तिन्ही ठिकाणी सात दिले होते, डॉक्टरने आठ. मी इतर दोन केंद्रांसारखे आठ दिले असते तर विहार दुसरं आलं असतं. हे गणित मला तेव्हाच, टेबलाशी बसल्या बसल्या कळलं होतं. मी मूग गिळून बसले आणि यादीवर सही केली.

तीन आठवड्यांनी हरिदासभाऊंचा फोन आला. "नीलिमा, म्या हरिदास बोलून राहिलो. पाळणाघर या महिन्यात बंद होते. अंजनामायनं तुले बोलावलं. आली तं बरं होईन."

नऊ वर्षांनंतरही त्यांनी मला अगंतुगंच केलं होतं. म्हणजे त्या दिवशीही त्यांनी मला ओळखलं होतं. मी रात्रभर तळमळले वगैरे नाही. छान झोपले आणि सकाळी उठून न जाण्याचं कारण शोधत बसले. सापडलं नाही, तेव्हा शनिवारी दुपार कलल्यावर गेले. गाडी चौकातच ठेवली.

मुलं झोपली होती. अंजनामाय भिंतीला टेकून बसली होती, एका बाळाला मांडीवर थोपटत.

"ये," ती म्हणाली. "चप्पल बाहीर काढ अन् हळू बोल. पोट्टे आत्ताच झोपले."

मी तिच्याजवळ बसले. तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिला. "वाळली बाप्पा तू. खाते का नाई काही?"

"खाते, माय."

"त्या दिवशी तुह्याशी बोलता नाई आलं. पाहणीच्या पत्रात तुहं नाव आयकलं तवाच म्या हरिदासले सांगून ठेवलं, कोणी ओळख दाखवाची नाई. पोट्टीची नोकरी हाय. उद्या कोणी म्हणन, आपलं माणूस म्हणून मार्क देल्ले. हरिदासच्या बायकोले तं घरीच बसवलं, तिच्या पोटात काही राहत नाई." ती तोंडाला पदर लावून हसली. "तू बी हुशार. अशी बसली, जसं काही इथं कधी आलीच नाई."

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. मी ओळख लपवली ती त्यांच्या भल्यासाठी, असं या बाईने धरून ठेवलं होतं.

"तुले बोलावलं ते माफी मागाले," ती म्हणाली.

"कसली माफी?"

"हे बंद पडलं ते माह्यामुळं. नियम मले माहीत होता. हरिदासनं वाचून दाखवला होता, पोट्ट्यायकडून पूजापाठ करून घ्याचा नाई. आठ दिवस बंद ठेवलं होतं म्या. नुस्तं हात धुवा अन् जेवा. पण तू आली, साहेबाच्या बाजूले खुर्चीवर बसली, अन् मले राहवलं नाई. म्हटलं, आपली पोट्टी हाय, आयकन तं तिले बरं वाटन. आता कायचं भेव?" तिने बाळाला थोपटणं थांबवलं. "टाळी वाजवली न म्या. सगळं पाण्यात गेलं. तुले बी साहेबापुढं खाली पाहा लागलं असन."

मला गप्प बसता आलं असतं. ती वाटही तिने मोकळी करून दिली होती. पण ती माझी माफी मागत होती, आणि इतका निर्लज्जपणा माझ्यातही नव्हता.

"साहेबांनी सात दिले होते," मी म्हणाले. "डॉक्टरने आठ दिले होते. दोन मी दिले, माय."

तिला समजायला थोडा वेळ लागला. "कितीपैकी?"

"दहापैकी."

"अन् मंदिरवाल्यायले?"

"आठ."

"सिस्टरायले?"

"आठ."

"त्यायचे पोट्टे जेवताना काही म्हणत नाईत का?"

"म्हणतात."

 पंखा खडखडत होता. एक मुलगा झोपेत कुशीवर वळला, त्याच्या अंगावरून सरकलेली गोधडी तिने हात लांब करून ओढली.

"काहून मंग?"

"मला भीती वाटली. आपले म्हणून दिले, असं लोक म्हणतील."

"आपले म्हणून जास्त नाई द्याचे, हे समजलं मले," ती म्हणाली. "आपले म्हणून कमी काहून देल्ले?"

  मी रडायला लागले. लाज वाटत होती, आणि ती रडून कमी व्हावी अशी इच्छा होती, त्याचीही लाज वाटत होती.

"रडू नको. पोट्टे उठतीन," ती कोरडेपणाने म्हणाली.

"मी साहेबांना लिहून देते. माझी चूक होती म्हणून. पुन्हा तपासणी मागते."

"लिहून देल्लं तं हे चालू होईन का?"

"यंदा नाही. यादी निघाली. पुढच्या वर्षी कदाचित."

"अन् तुह्यावर?"

"चौकशी बसेल."

तिने बाळाला मांडीवरून उतरवून सतरंजीवर निजवलं. मग म्हणाली, "नको लिहू. कोणाले सांगू बी नको, हरिदासले तं बिलकूल नाई. या पाऱ्यातून एकच पोट्टी ऑफिसर झाली. दरसाल जयंतीले आम्ही तुहंच नाव घेतो माइकवर. ते बी गेलं तं लेकरायले दाखवाले काय राहिलं आमच्यापाशी?"

मला हायसं वाटलं. नोकरी वाचली, हा विचार डोळे पुसायच्या आधी मनात आला. माझ्याबद्दल मला जे काही कळायचं होतं, ते त्या क्षणी कळलं.

साडेपाचला कारखान्याचा भोंगा झाला आणि थोड्या वेळाने बाया यायला लागल्या. मी उठून निघणार होते. "बस," अंजनामाय म्हणाली, तेव्हा बसले. पहिली आली ती पॅकिंगमध्ये काम करणारी तरुण बाई, पायल नावाच्या मुलीची आई. हाताला अजून पुठ्ठ्याची धूळ होती. अंजनामायने तिला सांगितलं, की एक तारखेपासून मुलीला आणायचं नाही. सरकारी पगाराची आशा सुटल्यावर मदतनीस शांताबाईने दुसरीकडे काम धरलं आहे, आणि आपल्या एकटीच्या गुडघ्यांनी आता बावीस मुलं होत नाहीत.

"सरकार वाला तो होने वाला था न?" बाई म्हणाली. "काहे नहीं हुआ?"

"गलती मेरी है," अंजनामाय म्हणाली. "नियम था, मैंने नहीं माना."

बाई खाली बसली. झोपाळलेल्या पायलला तिने मांडीवर ओढलं. "त मैं एला कहां छोड़हूं, दाई?" ती आपल्या छत्तीसगढीत म्हणाली; हिला कुठे सोडू म्हणून. जरा वेळाने तीच पुटपुटली, "ताला लगा के जाहूं, अउ का."

मी सतरंजीकडे बघत होते. भनपुरीत खोलीला बाहेरून कुलूप लावून आई कामाला जाते, आत मूल असतं, हे मी माझ्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आकडेवारीसकट लिहिलं होतं.

तेवढ्यात बाईचं लक्ष माझ्याकडे गेलं. चांगली साडी, घड्याळ, पर्स. ती बावरून पदर सावरायला लागली.

"ये नीलिमा है," अंजनामाय म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "मैंने ही पाला है इसको, इसी सतरंजी पर. अब बड़ी अफसर है."

बाईचा चेहरा उजळला. तिने पायलला हलवून जागं केलं आणि उभं केलं. "नोनी, मैडम के पांव पर. बने पढ़बे त अइसने बनबे." नीट शिकलीस तर अशीच होशील, असं ती लेकीला सांगत होती.

पोरगी डोळे चोळत आली आणि तिने माझ्या पायांवर डोकं टेकवलं. अंजनामाय माझ्याकडेच बघत होती. मी पाय मागे घेतले नाहीत. वाकून पायलच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खूब पढ़ना."